पुन्हा कोरी होणारी तबकडी

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

२००३ सालची गोष्ट. मी तेव्हा तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो. आमच्या संगणक कक्षात सीडी लिहिणारी यंत्रं नुकतीच आली होती. साधी कोरी सीडी स्वस्त मिळे, पण ती एकदाच भरता येई. त्या मानानं महाग अशी दुसरी एक जात होती, सीडी-आरडब्ल्यू. ती भरायची, पुसायची आणि पुन्हा भरायची. विभागानं अशा मोजून चार तबकड्या घेतल्या होत्या आणि मुलांचे प्रकल्प आळीपाळीनं त्यांच्यावर चढत-उतरत असत.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या एका मुलीनं एकदा उभं राहून विचारलं, ‘‘सर, पाटीवरचं पुसलं की खडू हाताला लागतो. ह्या तबकडीवरचं पुसलं की ते जातं कुठं?’’

प्रश्न ऐकून मला कौतुक वाटायला हवं होतं. मी मात्र तत्परतेनं उत्तर देऊन टाकलं, ‘‘अगं, कॅसेटसारखंच आहे हे. चुंबकानं लिहायचं, चुंबकानं पुसायचं.’’ वर्गाचं समाधान झालं. तिचं झालं नसावं. दोन दिवसांनी ती प्रयोगशाळेतला पट्टी-चुंबक आणि एक तबकडी घेऊन आली. म्हणाली, ‘‘सर, दोन रात्री ही चुंबकाखाली ठेवली होती. सगळ्या फाइली जशाच्या तशा आहेत.’’ मी म्हणालो, ‘‘तुझा चुंबक कमी ताकदीचा असेल.’’ तेवढ्यात घंटा झाली, आणि मी सुटलो.

चुकीचं उत्तर कुणाकडूनही जातं. पण समोर प्रयोग ठेवलेला असताना प्रयोगालाच दोष द्यायचा, हे मला नंतर फार लागलं. ती मुलगी पदवी घेऊन गेली. आज तिचा पत्ता माझ्याकडे नाही. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधताना मला जो इतिहास हाती लागला, तो आज आपल्यापुढे मांडणार आहे. कोण जाणे, तीही कुठं ऐकत असेल.

आधी तबकड्यांच्या जाती वेगळ्या करू. गाण्यांची किंवा सिनेमाची बाजारात मिळणारी सीडी साच्यात दाबून काढलेली असे. मोझर बेअर नावाच्या आपल्या भारतीय कंपनीनं एके काळी अठ्ठावीस रुपयांत सिनेमाची व्हीसीडी घरोघरी पोचवली होती, ती ह्याच प्रकारची. तिच्यात बारीक खड्डे असत आणि त्यांवरून लेसरचा प्रकाश परावर्तित होताना होणारा फरक यंत्र वाचत असे. दुसरी जात एकदाच लिहिण्याच्या सीडीची. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो. लेसरनं तो भाजायचा, म्हणजे डाग पडतो. भाजलेली भाकरी पुन्हा पीठ होत नाही, तसा हा डागही कायमचा.

तिसरी जात पुन्हा पुन्हा लिहिण्याची. हिच्यात दोन पोटजाती होत्या. एक चुंबक-प्रकाशीय तबकडी; सोनी कंपनीनं १९९२ साली आणलेली लिहिता येण्याजोगी मिनीडिस्क ह्या पद्धतीची. म्हणजे माझं वर्गातलं उत्तर अगदीच हवेतलं नव्हतं, फक्त ते दुसऱ्याच तबकडीचं होतं. आणि तिथंही आधी लेसरनं जागा तापवावी लागते, नुसता चुंबक ठेवून भागत नाही. आमच्या संगणक कक्षातली सीडी-आरडब्ल्यू मात्र चुंबकाशी काहीही देणंघेणं नसलेली होती. तिच्या पोटात केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्श्याइतका, म्हणजे सुमारे वीस नॅनोमीटर जाडीचा, एका विलक्षण मिश्रधातूचा पापुद्रा होता. शास्त्रज्ञ अशा पदार्थांना अवस्थांतर करणारे पदार्थ म्हणतात.

हे अवस्थांतर समजून घ्यायला स्वयंपाकघरात चला. साखर एकच, पण तिची खडीसाखर होते आणि तिचीच चिक्कीही होते. पाक दोऱ्याभोवती सावकाश, दिवसचे दिवस निवू दिला की साखरेचे कण शिस्तीत रांगा लावून बसतात आणि पैलूदार खडीसाखर तयार होते. हा झाला स्फटिक. तोच पाक कडक करून पोळपाटावर ओतला आणि झटकन लाटून गार केला, तर कणांना रांगा लावायला सवडच मिळत नाही. जो जिथं असेल तिथंच तो थिजतो. चिक्की काचेसारखी पारदर्शक आणि कडकडीत होते ती ह्यामुळं. ह्या बेशिस्त अवस्थेला अस्फटिकी अवस्था म्हणतात. खिडकीची काच अशीच असते. गृहिणींना हेही ठाऊक असतं की पाक बिघडला, म्हणजे ‘साखरला’, की तो पांढरट आणि अपारदर्शक होतो. पदार्थ एकच, मांडणी बदलली, की प्रकाशाशी त्याचं वागणं बदलतं. एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट ह्याच एका वाक्यावर उभी आहे.

ह्या गोष्टीचा नायक लेथवर काम करणारा एक कारागीर होता. स्टॅनफोर्ड ओव्शिन्स्की यांचा जन्म १९२२ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन गावी झाला. वडील लिथुआनियातून आलेले ज्यू स्थलांतरित. भंगार गोळा करून विकण्याचा त्यांचा धंदा. मुलगा शालेय शिक्षणाबरोबर यंत्रकाम शिकला आणि कारखान्यात लागला. महाविद्यालयाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही. पण सार्वजनिक ग्रंथालयातली पुस्तकं मात्र त्यानं सोडली नाहीत. त्यांनी स्वतः एक नवा लेथ बनवला आणि त्याला वडिलांचं, बेंजामिन, हे नाव दिलं.

यंत्रं आपोआप चालवायची तर त्यांना ‘बुद्धी’ कशी द्यायची, ह्या विचारातून ओव्शिन्स्की मेंदूकडे वळले. मेंदूतली चेतापेशी ठरावीक मर्यादेपर्यंत गप्प बसते आणि मर्यादा ओलांडली की एकदम संदेश सोडते. शिवाय ती शिकते, लक्षात ठेवते. १९५५ साली डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठाच्या वैद्यक विभागानं मेंदूवरच्या प्रयोगांत त्यांना सहभागी करून घेतलं. चेतापेशीसारखं वागणारं काहीतरी निर्जीव पदार्थातून करता येईल का, हा ध्यास त्यांना तेव्हा लागला. १९६० साली ते आणि त्यांच्या पत्नी आयरिस यांनी डेट्रॉइटमध्ये एका दुकानाच्या गाळ्यात आपली छोटी प्रयोगशाळा उघडली. आयरिस जीवरसायनशास्त्रातल्या डॉक्टरेट. दोघांनी मिळून ती संस्था वाढवली.

त्या काळात इलेक्ट्रॉनिक्सचं राज्य स्फटिकाकडे होतं. ट्रान्झिस्टर चालायचा तर सिलिकॉनचा किंवा जर्मेनियमचा स्फटिक अतिशय शुद्ध आणि निर्दोष हवा, हे सगळ्या जगानं मान्य केलेलं. आम्ही ज्या पुस्तकांतून शिकलो आणि शिकवलं, त्यांत अणूंच्या रांगा नियमित आहेत असं गृहीत धरूनच सिद्धांताची सुरुवात होई. बेशिस्त अणूंच्या काचेला त्या सिद्धांतात फारसं स्थान नव्हतं. नाही म्हणायला १९५५ च्या सुमारास लेनिनग्राडच्या इऑफे संस्थेत नीना गोर्युनोवा आणि बोरिस कोलोमिएत्स यांनी काही काचा अर्धवाहक असतात हे दाखवलं होतं. गंधक, सेलेनियम, टेल्युरियम ह्या एकाच घराण्यातल्या मूलद्रव्यांपासून झालेल्या ह्या काचांना कॅल्कोजेनाइड काचा म्हणतात. ओव्शिन्स्कींनी बोट ठेवलं ते नेमकं ह्याच घराण्यावर.

ह्यातलं टेल्युरियम मोठं मजेशीर आहे. पृथ्वीच्या कवचात ते फार दुर्मिळ. ज्याच्या अंगात ते थोडंसं जरी गेलं त्याच्या श्वासाला लसणासारखी दुर्गंधी येते. अशा ह्या मूलद्रव्यात आर्सेनिक, सिलिकॉन आणि जर्मेनियम मिसळून ओव्शिन्स्कींनी काच बनवली. तिच्यावर विजेचा दाब वाढवत नेला तर ती बराच वेळ वीज अडवून धरी आणि एका ठरावीक दाबाला एकदम वाट मोकळी करून देई. चेतापेशीसारखंच! घटकांचं प्रमाण बदललं तर आणखी नवल घडे. दाब काढून घेतल्यावरही काचेतली वाट मोकळीच राही. काचेनं लक्षात ठेवलं होतं. विजेचा वेगळा झटका दिला, की पुन्हा पहिल्यासारखी.

नोव्हेंबर १९६८ मध्ये हा शोध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ ह्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ती बातमी पहिल्या पानावर घेतली. ट्रान्झिस्टरलाही मागे टाकेल असं काही सापडलं आहे, असा बातमीचा सूर. कंपनीचे शेअर कडाडले. आणि जे व्हायचं तेच झालं. ट्रान्झिस्टरच्या दुनियेतले लोक बिथरले. पदवी नसलेला माणूस, त्यात शेअर बाजार आणि वर्तमानपत्र. संशय यायला एवढं पुरेसं होतं.

इथं थोडं थांबून दोन्ही बाजू पाहायला हव्यात. शंका घेणारे सगळेच मत्सरी नव्हते. ट्रान्झिस्टर हटला नाही, हे तर आपण पाहतोच. बातमीतला तो दावा फसला. पण मूळ निरीक्षण खरं होतं, आणि ते तपासून पाहणारेही होते. शिकागो विद्यापीठातले मॉरेल कोहेन आणि हेल्मुट फ्रिट्झ्शे यांनी ओव्शिन्स्कींबरोबर १९६९ साली बेशिस्त अर्धवाहकांचा एक सैद्धांतिक नमुना मांडला. केंब्रिजचे नेव्हिल मॉट ह्या विषयात आधीपासून रस घेत होते. मॉट आणि फिलिप अँडरसन यांना व्हान व्ह्लेक यांच्यासह १९७७ चं नोबेल मिळालं, ते बऱ्याच अंशी बेशिस्त पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांवरच्या कामासाठी. ज्या काचेला पुस्तकात जागा नव्हती, तिच्यावर आता पुस्तकं निघू लागली.

ह्या काचेची स्मृती बनवण्याचा पहिला प्रयत्न विजेच्या वाटेनं झाला. १९७० साली २५६ बिटांची एक स्मृती तयार झाली. तिच्यावरच्या लेखाच्या लेखकांत इंटेल कंपनीचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांचं नाव आहे. पण त्या स्मृतीला वीज फार लागे, आणि सिलिकॉनच्या चिपा तोवर झपाट्यानं स्वस्त होत चालल्या होत्या. ती वाट तिथंच थांबली.

दुसरी वाट प्रकाशाची. १९७१ साली ओव्शिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की लेसरच्या झोतानंही ह्या काचेचा स्फटिक होतो आणि पुन्हा काचही होते. स्फटिक झालेला भाग चकचकीत, काचेचा भाग निस्तेज. म्हणजे लेसरनं लिहा, लेसरनं वाचा, लेसरनं पुसा. कल्पना पूर्ण होती. पण सोयीचे, लहान, स्वस्त लेसर तेव्हा बाजारात नव्हते, आणि काच अजून आळशी होती. कल्पना पंधरा-वीस वर्षं फळीवर पडून राहिली.

आळशी म्हणजे काय, ते पाहू. तबकडी गरगर फिरत असते. डीव्हीडीचं उदाहरण घेतलं, तर सगळ्यात कमी गतीलाही तबकडीवरची एखादी जागा लेसरच्या टिंबाखाली जेमतेम पाव मायक्रोसेकंद असते. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचा चौथा हिस्सा. तेवढ्यात काचेचा स्फटिक झाला पाहिजे, नाही तर पुसणं अर्धवट राहील. बरं, पदार्थ इतका चपळ करायचा तर दुसरी पंचाईत. मग तो साध्या खोलीच्या तापमानालाही आपणहून साखरून जाईल आणि लिहिलेलं आपोआप पुसलं जाईल. तापवलं की क्षणात बदलणारा, एरवी वर्षानुवर्षं ढिम्म न हलणारा असा पदार्थ हवा होता. दोन टोकांच्या मागण्या!

ही गाठ जपानमध्ये सुटली. मात्सुशिता, म्हणजे ज्या कंपनीला आपण पॅनासोनिक ह्या नावानं ओळखतो, तिथले नोबोरू यामादा आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं टेल्युरियमची मिश्रणं धुंडाळत होते. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांना दोन लेसर लागत, लिहायला एक आणि पुसायला दुसरा. अमेरिकेत आयबीएम कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी १९८६ साली दाखवून दिलं, की जर्मेनियम आणि टेल्युरियम यांचं नेमक्या प्रमाणातलं संयुग फार झटपट स्फटिक होतं. १९८७ साली यामादांनी त्यात अँटिमनीची जोड दिली. दोन भाग जर्मेनियम, दोन भाग अँटिमनी, पाच भाग टेल्युरियम. ह्या प्रमाणाला आज शास्त्रज्ञ लाडानं तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांनी ‘जीएसटी’ म्हणतात. आपल्याकडच्या करानं हे नाव पुढं भलतंच प्रसिद्ध केलं, पण तबकडीवाल्यांचा जीएसटी त्याच्या कितीतरी आधीचा!

हा पदार्थ काही दशांश मायक्रोसेकंदांतच नव्हे, त्याहूनही लवकर स्फटिक होई. दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तापेपर्यंत मात्र तो जागचा हलत नसे, आणि वितळे सहाशे अंशांच्या थोडा वर. आता तबकडीवर लिहिणं कसं होतं, ते एका ओळीत सांगता येईल. लेसरचा जोरदार झटका दिला की ती जागा वितळते. झटका संपताच भोवतालचे थर उष्णता ओढून घेतात आणि ती जागा काच होऊन थिजते. निवण्याचा हा वेग सेकंदाला अब्जावधी अंश इतका असतो. ही आपली चिक्की. पुसायचं असेल तर लेसर मध्यम ठेवायचा. जागा वितळत नाही, पण अणूंना हलायला पुरेशी ऊब मिळते आणि ते पुन्हा रांगेत बसतात. ही खडीसाखर. वाचायचं असेल तर अगदी मंद प्रकाश. त्यानं काहीच बदलत नाही.

१९९० मध्ये मात्सुशितानं अशी तबकडी बाजारात आणली. १९९६ मध्ये सीडी-आरडब्ल्यूची मानकं ठरली. तिच्यासाठी रिको कंपनीनं चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचं वेगळं मिश्रण पुढं आणलं होतं. आमच्या संगणक कक्षातल्या तबकड्या ह्या वंशातल्या. साधारण हजार वेळा त्या पुसता येत. १९९८ मध्ये डीव्हीडी-रॅम आली, ती लाख वेळा पुसता येई. २००३ मध्ये जपानात निळ्या-जांभळ्या लेसरचा पहिला ब्लू-रे रेकॉर्डर विक्रीला आला, त्याच्या तबकडीच्या पोटातही अवस्थांतर करणारा पापुद्राच होता. ओव्शिन्स्कींच्या कंपनीला ह्या पेटंटांचे परवाने विकून उत्पन्न मिळू लागलं, तोवर त्यांची सत्तरी आली होती.

आपल्यापैकी काहींना आठवत असेल, घरच्या जुन्या सीडी प्लेअरवर आरडब्ल्यू तबकडी वाजतच नसे. दुकानदार म्हणे, ‘डुप्लिकेट असेल.’ खरं कारण असं, की साधी सीडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे सत्तर टक्के परत पाठवते, आणि आरडब्ल्यू जेमतेम पंधरा ते पंचवीस टक्के. जुन्या प्लेअरच्या डोळ्याला एवढा मंद प्रकाश दिसत नसे, इतकंच.

गंमत म्हणजे, तबकड्या कोट्यवधींनी विकल्या गेल्या तरी हा पापुद्रा इतक्या झटपट का बदलतो, हे शास्त्रज्ञांना नीटसं कळलेलं नव्हतं. वापर आधी, उलगडा मागून. २००४ साली जपानात अलेक्झांडर कोलोबोव्ह यांच्या गटानं क्ष-किरणांच्या मदतीनं असं मांडलं, की जर्मेनियमचा अणू छत्री उलटावी तसा एका जागेतून दुसरीत सरकतो. म्हणून फार हालचाल न होता काम भागतं. हे चित्र पुरेसं आहे का, यावर पुढं बरेच वाद झाले. २००८ मध्ये जर्मनीतल्या आखेनच्या माथियास वुटिग यांच्या गटानं दाखवलं, की स्फटिक अवस्थेत हे अणू आपले बंध एकाच वेळी अनेक शेजाऱ्यांत वाटून घेतात आणि काच झाल्यावर ती वाटणी मोडते. सिलिकॉनमध्ये स्फटिक आणि अस्फटिकी रूप प्रकाशाला बरंचसं सारखं दिसतं. इथं मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तो ह्यामुळं.

पुढं तबकड्यांचे दिवस सरले. पेन ड्राइव्ह आले, मोबाइल आले, आंतरजालावरची साठवण आली. मोझर बेअर २०१८ साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली मोडीत निघाली. ओव्शिन्स्कींनी उभी केलेली कंपनीही २०१२ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, नव्वदीला महिनाभर कमी असताना, ओव्शिन्स्की गेले. सोनीनं लिहिता येण्याजोग्या ब्लू-रे तबकड्यांचं उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं.

तबकडी गेली, पापुद्रा मात्र मागे राहिला. २०१४ साली ऑक्सफर्डचे हरीश भास्करन आणि एक्सेटरचे डेव्हिड राइट यांच्या गटानं जीएसटीचा अवघा सात नॅनोमीटर जाडीचा थर पारदर्शक वाहक थरांमध्ये ठेवला. विजेनं त्याची अवस्था बदलली की पृष्ठभागाचा रंग बदलतो, आणि वीज काढून घेतली तरी तो रंग टिकतो. २०१५ मध्ये हाच पदार्थ प्रकाश वाहून नेणाऱ्या चिपेवर बसवून प्रकाशाचीच स्मृती बनवली गेली. थोडा भाग काच, थोडा भाग स्फटिक अशा आठ पायऱ्या तिच्यात साठवता आल्या. एक अडचण होती. जीएसटी स्वतःच बराच प्रकाश गिळून टाकतो. म्हणून २०१९ मध्ये एमआयटीतल्या शास्त्रज्ञांनी टेल्युरियमच्या जागी काही प्रमाणात सेलेनियम घालून अवरक्त प्रकाश कमी गिळणारं भावंड तयार केलं.

आणि त्याच २०१९ मध्ये म्युन्स्टर, ऑक्सफर्ड आणि एक्सेटरच्या शास्त्रज्ञांनी अशा पापुद्र्यांपासून चिपेवर चार कृत्रिम चेतापेशी आणि त्यांच्या साठ जोडण्या तयार केल्या. त्या प्रकाशावर चालत आणि साधे नमुने ओळखायला शिकत. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. लेथवरचा एक माणूस चेतापेशीची नक्कल करायला निघाला होता. वाटेत त्याच्या हातून जगाला पुसता येणारी तबकडी मिळाली. तबकडी येऊन गेलीसुद्धा, आणि पदार्थ पुन्हा चेतापेशीच्याच दारात येऊन उभा राहिला. हे पाहायला तो मात्र नव्हता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पुसलेलं जातं कुठं? कुठंच जात नाही. पाटीवरून खडू निघतो, तसा ह्या पापुद्र्यातून एकही अणू निघत नाही. लिहिण्याआधी जेवढे टेल्युरियमचे अणू होते तेवढेच पुसल्यानंतरही असतात. लिहिलेलं होतं ते फक्त त्यांच्या बसण्यात. मांडणी मोडली, मजकूर गेला. चुंबकानं ती मांडणी बदलत नाही, उष्णतेनं बदलते. तुझा चुंबक कमी ताकदीचा नव्हता. तुझा प्रयोग बरोबर होता, आणि माझं उत्तर चुकलं होतं.

निवृत्त झालो तेव्हा विभागातलं जुनं सामान भंगारात निघालं होतं. त्यात त्या चार तबकड्या होत्या. चुंबकाखाली ठेवलेली कोणती हे ओळखता येण्यासारखं नव्हतं, म्हणून मी चारही घरी आणल्या. परवा ह्या भाषणाची तयारी करताना नातवाच्या मित्राकडून सीडी वाचणारं यंत्र मागून आणलं. दोन तबकड्या उघडल्याच नाहीत. तिसरी कोरी होती. चौथी जरा घरघरली आणि पडद्यावर नावं दिसू लागली. २००३ च्या वर्गाचे प्रकल्प. एक एक करून सगळ्या फाइली उघडून पाहिल्या. जशाच्या तशा आहेत.